कोते-गाएशी : मनगटाचा एक डाव

जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतील एइशो-जी या बौद्ध विहारात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, ज्यूदोचे शिक्षण सुरू केले. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस त्या जागेचे अप्रूप आहे. त्याच कोदोकान संस्थेने १९५६ मध्ये स्वसंरक्षणाच्या डावांची स्वतंत्र मालिका निश्चित केली. ‘कोते-गाएशी’ तीत येतो.

कोणी धरले की आपण हात मागे ओढतो आणि ताकदीच्या झटापटीत हरतो. या डावात प्रथम हल्ल्याच्या रेषेतून बाजूला सरायचे. मग आपला अंगठा त्याच्या पंजाच्या पाठीवर, अनामिका-करंगळीच्या मुळाशी रोवून, बोटांनी त्याच्या अंगठ्याखालचा मांसल भाग धरायचा. मनगट आत दुमडून त्याच्या बाहेरच्या अंगाला वळवायचे, आणि त्यासोबत आपली कंबरही फिरवायची. मनगटाची त्या बाजूची मर्यादा थोडी असते. ती संपताच कोपर, खांदा ओढले जातात, तोल जातो व माणूस पाठीवर पडतो. नुसत्या हाताच्या जोराने हे साधत नाही. म्हणूनच सडपातळ मुलीलाही तो शिकता येतो.

सरावात जोडीदाराने थाप मारताच पकड सोडलीच पाहिजे. झटका दिल्यास अस्थिबंध फाटतात. ज्यूदोच्या स्पर्धांत कोपराखेरीज अन्य सांध्यांवरील पेच निषिद्धच आहेत. आणि समोर चाकू असेल, पळण्यास वाट असेल, तर डाव न करता पळावे, असे आम्ही विद्यार्थिनींना बजावतो.