यंत्रशिवण गोधडी

यंत्रशिवण गोधडी : कापडाचे तुकडे जोडून केलेला वरचा पदर, मधले भरण व खालचे अस्तर हे थर शिवणयंत्राने एकत्र शिवून तयार केलेले पांघरूण. महाराष्ट्रात जुन्या लुगड्या-धोतरांचे थर हाताने धावदोरा घालून शिवण्याची प्रथा जुनी असून अशा पांघरुणास गोधडी किंवा वाकळ म्हणतात. कर्नाटकातील कौदी, बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी व सिंधमधील रल्ली हे त्याच कुळातील प्रकार होत. गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांना त्यांच्या अंगावरील गोधडीवजा वस्त्रांमुळे लोक गोधडे महाराज असेही म्हणत. परंपरेने गोधडी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया नातवंडांसाठी शिवीत. शिवणयंत्रामुळे हे काम थोड्या दिवसांत होऊ लागल्याने नातवंडांनी आजी-आजोबांसाठी गोधडी शिवून देणेही सुकर झाले आहे. या नोंदीत अशा भेटीदाखल गोधडीचा विचार केला आहे.

हातशिवण व यंत्रशिवण : हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा सर्व थरांतून खालीवर जातो. टाक्यांमध्ये अंतर राहत असल्याने गोधडी मऊ पडते. यंत्राच्या टाक्यात सुईतील वरचा दोरा व बॉबिनमधील खालचा दोरा थरांच्या मध्यावर परस्परांत अडकतात. सुईच्या टोकाजवळ नेढे आणि खाली धोटा अशी योजना असलेल्या यंत्राचे एकस्व एलियास हौ यांनी अमेरिकेत १८४६ मध्ये घेतले. या टाक्याची रेघ अखंड व बळकट असते. मात्र ती हातशिवणीपेक्षा ताठ असते. म्हणून हातशिवणीतील जवळजवळच्या रेघांची यंत्रावर नक्कल करणे इष्ट नसते. गोधडीची ऊब मुख्यतः थरांत अडकलेल्या स्थिर हवेमुळे मिळते. रेघा फार दाट घातल्यास थर दबतात, ही हवा कमी होते आणि पांघरूण पुठ्ठ्यासारखे लागते. भरण कापडाचेच असल्यास दोन रेघांत सु. ७·५ सेंमी. अंतर पुरते. पिंजलेला कापूस भरल्यास तो धुण्यात गोळा होऊ नये म्हणून रेघा अधिक जवळ घ्याव्या लागतात.

आकार व कापड : वृद्धांसाठी गोधडी हलकी असावी. बोटांतील शक्ती कमी झालेल्या व्यक्तीस जड वाकळ अंगावर ओढून घेणे किंवा पलटणे कठीण जाते. बसल्या जागी मांडीवर व पायांवर घेण्यास ९० × १२० सेंमी. हा आकार सोयीचा असतो. तो जमिनीवर लोळत नाही व पायांत अडकण्याची भीती कमी होते. दृष्टी मंद झाली असल्यास कडेचा गोट गोधडीहून वेगळ्या, ठळक रंगाचा घ्यावा.

धुऊन मऊ झालेले सुती कापड सर्वांत चांगले. नवे कापड आधी धुऊन आटवून घ्यावे, अन्यथा पहिल्या धुण्यात जुने व नवे तुकडे निरनिराळ्या प्रमाणात आटून चुण्या पडतात. रंग जातो की नाही हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. जुने कापड उजेडासमोर धरून विरलेला भाग टाळावा. रेशमी काठ किंवा खणाचा जीर्ण तुकडा वापरायचाच असेल, तर त्याच्या मागे पातळ सुती कापड लावावे.

घरातील वापरलेली वस्त्रे घेताना कापण्यापूर्वी ज्यांची ती आहेत त्यांना विचारणे आवश्यक आहे. दिवंगत पतीचे धोतर किंवा लग्नातील शालू जसाच्या तसा जपून ठेवण्याची एखाद्या आजीची इच्छा असू शकते. अशा वस्त्रावर एकदा कात्री चालली की ते पुन्हा पूर्ववत होत नाही. गोधडी गुपचूप शिवून आश्चर्याचा धक्का देण्यापेक्षा ही विचारपूस अधिक महत्त्वाची. पुष्कळदा तिच्यातूनच कोणते कापड कोणत्या प्रसंगाचे, हे प्रथमच कळते.

मोजमाप : तयार चौकोन १५ सेंमी.चा हवा असल्यास प्रत्येक बाजूस ६ मिमी. माया धरून १६·२ सेंमी.चा तुकडा कापावा. ९० × १२० सेंमी.साठी सहा चौकोनांच्या आठ ओळी, म्हणजे ४८ तुकडे लागतात. अस्तर व भरण चारही बाजूंनी १० सेंमी. जास्त, म्हणजे ११० × १४० सेंमी. घ्यावे. सु. आठ मीटर लांबीच्या नऊवारी लुगड्याचा पन्हा पुरेसा असल्यास त्यातून अस्तर व भरणाचे दोन थर मिळून ४·२ मी. कापड निघते आणि उरलेल्यात चौकोनही बसतात. गोटासाठी परीघ ४·२ मी. व जोडासाठी जादा धरून ४·५ मी. पट्टी लागते.

कृती : तुकडे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना धरून कापावेत, तिरके कापलेले तुकडे ताणले जातात. प्रथम ओळी शिवून एका ओळीची माया उजवीकडे, तर पुढील ओळीची डावीकडे इस्त्री करावी. त्यामुळे सांध्यांवर जाडी साठत नाही व कोपरे जुळतात. मग अस्तर उलटे पसरून कडा चिकटपट्टीने ताणून बसवाव्यात. त्यावर भरण व वरचा पदर घालून सर्व थर कच्च्या टाक्यांनी टाचावेत.

ही टाचणी अनेकदा गाळली जाते आणि काम तेथेच बिघडते. यंत्राचे दाते फक्त खालचे कापड पुढे सरकवतात. वरचा थर दाबपायाखाली मागे रेटला जातो आणि रेघेच्या शेवटी चुण्या जमतात. वरचा थरही बरोबरीने सरकवणारा ‘वॉकिंग फूट’ बसविल्यास हा दोष कमी होतो. जाड थरांसाठी १६ क्रमांकाची सुई व ३ मिमी. लांबीचा टाका घ्यावा आणि दोऱ्याचा ताण उरलेल्या तुकड्यांवर आधी तपासावा.

पहिली रेघ मध्यावर घालून क्रमाने कडांकडे जावे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या कवंदीत हाताची शिवण कडेपासून आत, मध्याकडे जाते. तेथे प्रत्येक टाक्यागणिक हात कापड सारखे करीत असतो. यंत्रास ही सोय नसल्याने जादा कापड बाहेरच्या बाजूस निघून जाईल अशीच दिशा ठेवावी लागते. यंत्राच्या बाहूखालील जागा अपुरी असल्याने उजवीकडील भाग गुंडाळून ठेवावा आणि उर्वरित वजनास मेजाचा आधार द्यावा. ते लोंबत राहिल्यास टाके लहानमोठे पडतात. शेवटी कडा छाटून गोट लावावा, कच्चे टाके काढावेत व टाचण्या मोजून घ्याव्यात. विसरलेली एक टाचणीही वृद्धाच्या नाजूक त्वचेस इजा करते.

निगा : गोधडी थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावी व सावलीत आडवी वाळवावी. विरलेल्या चौकोनावर नवे ठिगळ लावता येते. वापरात आलेली, धुतलेली व पुन्हा ठिगळलेली गोधडी ही बिघडलेली वस्तू नव्हे. जुन्या गोधड्या याच रीतीने वर्षानुवर्षे टिकल्या. यंत्रामुळे टाके घालण्याचे श्रम पुष्कळ वाचतात. वापरणाऱ्यास झेपेल असा आकार ठरविणे, त्याला विचारून कापड निवडणे आणि थर नीट टाचणे ही कामे मात्र हातांनीच करावी लागतात. गोधडी पेटीत जपून ठेवली जाते की रोज अंगावर घेतली जाते, हे मुख्यतः त्यांवर अवलंबून असते.