स्टिअरिंग जड झालं म्हणजे सेन्सरच गेला का?

मागच्या पावसाळ्यात पार्किंगमधून गाडी काढताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला टॉर्क सेन्सरचा. ‘सेन्सर सुटा मिळत नाही, अख्खा कॉलम बदला,’ असा सल्ला मिळाला. तो खर्च ऐकून मी म्हटलं, जरा थांबू.

हा सेन्सर करतो काय? स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक टॉर्शन बार असतो. आपण चाक फिरवलं की तो किंचित पिळला जातो. हा पीळ सेन्सर मोजतो आणि त्यावरून मोटरने किती जोर लावायचा ते कंट्रोल युनिट ठरवतं. सेन्सरकडून दोन सिग्नल येतात. त्यांचा मेळ बसला नाही, तर युनिट मदतच बंद करतं. चुकीच्या बाजूला जोर लागण्यापेक्षा जड स्टिअरिंग परवडलं!

आता बघा, कोड सांगतो की सिग्नल बिघडला. तो का बिघडला, हे सांगत नाही. सेन्सर स्वतः जातोही. जुन्या घासत्या प्रकारात आतली पट्टी झिजते. पण त्याआधी वायरिंग पाहा. आपल्याकडे उंदीर वायरी कुरतडतात. कनेक्टरमध्ये ओल शिरते. बॅटरी दमलेली असेल तरी हा दिवा लागतो, कारण उभ्या गाडीत चाक पूर्ण वळवताना मोटर भरपूर करंट खेचते. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. हे मोजायला दोन मिनिटं लागतात, आणि नेमकं तेच राहून जातं.

दुसरा सेन्सर स्टिअरिंगच्या कोनाचा. कॉलम उघडल्यावर किंवा अलाइनमेंटनंतर बऱ्याच गाड्यांत त्याचा शून्यबिंदू पुन्हा लावावा लागतो. तो लावला नाही, तर नवा सेन्सरही ‘खराब’ ठरतो. मात्र एअरबॅगमागचं काही घरी उघडू नका.

आणि चालत्या गाडीत मदत गेली, तर घाबरू नका. चाकांशी जोड कायम असते. दोन्ही हातांनी धरा, वेग कमी करा, कडेला घ्या. कमी वेगात जोर जास्त लागेल.

माझ्या गाडीत काचेखालच्या निचऱ्यात पानं अडकली होती. पाणी आत झिरपून कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर चढला होता. पानं काढली, पिना साफ केल्या, कोड पुसला. कॉलम अजून तोच आहे.