मालकंसाला वेळ कोण देणार?

गाण्याच्या एखाद्या अविस्मरणीय मैफलीची गोष्ट निघाली की सांगणारा गृहस्थ गायकाचे नाव सांगतो, रागाचे नाव सांगतो, तबल्यावर आणि पेटीवर कोण होते हेही बहुधा विसरत नाही. पण या सगळ्याच्या आधी तो सांगतो ती वेळ. पहाटेचे साडेतीन वाजून गेले होते, मांडवात थंडी उतरली होती, शेजारचा मनुष्य घोंगडीत डोके घालून पेंगत होता आणि तेवढ्यात तंबोरे जुळून षड्ज लागला, अशा रीतीने ही आठवण सुरू होते. पुण्यातील साठीपुढच्या कोणत्याही निवृत्त शिक्षकाला अथवा कारकुनाला सवाई गंधर्व महोत्सवाविषयी विचारावे; थोड्याफार फरकाने हीच प्रस्तावना ऐकावयास मिळते. आज पंचविशीत असलेला रसिक गायकाचे नाव सांगतो, वर्षही सांगतो. वेळ मात्र सांगत नाही. कारण सांगण्याजोगी वेळ त्याच्या वाट्याला आलेलीच नाही.

हा फरक किरकोळ मानण्याचे कारण नाही. मैफलीचे स्मरण हा आपल्या संगीताच्या इतिहासाचा एकेकाळी जवळजवळ एकमेव दस्तऐवज होता. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तास-दीड तास फुलत जाणारा ख्याल तीत कसा बसावा? जे तबकडीत मावले नाही ते श्रोत्यांनी मनात साठविले आणि तोंडी पुढे दिले. 1936 साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये प्रा. बी. आर. देवधर यांनी भरविलेल्या संगीत परिषदेत अकरा वर्षांचे कुमार गंधर्व गायले आणि बुजुर्ग कलावंत स्तिमित झाले, हे आज सर्वांना ठाऊक आहे ते ऐकणाऱ्यांनी सांगितले म्हणून. 1946 साली सवाई गंधर्वांच्या साठीच्या निमित्ताने पुण्यात हिराबागेत भीमसेन जोशी गायले आणि पुण्याला एक नवा गवई कळला, ही हकीकतही तशीच. आणि सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या अखेरच्या स्वरांची कथा तर वेळ वगळून सांगताच येत नाही. 27 ऑक्टोबर 1937 रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर असताना प्रकृती अस्वस्थ झाली म्हणून ते सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर उतरले, फलाटावर अंथरूण घालून त्यांनी प्रार्थना केली आणि ती दरबारी कानड्याच्या स्वरांत केली, असे सांगतात. दरबारी हा मध्यरात्रीचा राग आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या फलाटावरची रात्र वेगळी वर्णन करून सांगावी लागत नाही.

सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. ते 1952 साली पुण्यात निवर्तले आणि पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, त्यांच्या शिष्यपरिवाराने पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला. पंडित भीमसेन जोशी यांनी तो पुढे अर्धशतकाहून अधिक काळ सांभाळला. आरंभीचा घरगुती समारंभ वाढत गेला, रेणुका स्वरूप प्रशालेच्या आणि त्यानंतर रमणबागेच्या मैदानावर हजारोंनी श्रोते जमू लागले. डिसेंबरचा महिना, भर थंडी, आणि तीन रात्री सलग गाणे. ज्येष्ठतेनुसार कलावंतांची क्रमवारी लागत असे. नवोदितांनी सायंकाळी आरंभ करावा आणि रात्र चढेल तशी मोठी नावे यावीत. शेवटच्या रात्रीचा दुसरा दिवस उजाडे, ऊन मांडवाच्या कनातींवर येई, तरी गाणे चालूच असे. सर्व संपल्यावर सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लावली जाई आणि श्रोते उभे राहून ती ऐकत.

या रात्रभराच्या बैठकीचे एक गणित होते आणि ते संगीतशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात दिलेले नाही. सर्वांत स्वस्त तिकीट ‘भारतीय बैठकी’चे, म्हणजे सतरंजीवर मांडी घालून बसण्याचे. ते काढणारा मनुष्य कचेरीतून सुटल्यावर घरी जाऊन, डबा आणि घोंगडी घेऊन मैदानावर येई. मुंबईचा कारकून सायंकाळी डेक्कन क्वीन पकडून साडेआठच्या सुमारास पुण्यात उतरे तो थेट मांडवात. रात्री उशिरा पी. एम. टी.ची शेवटची बस निघून गेली की घरी परतण्याचा प्रश्नच मिटे. वाहन नसलेल्या माणसाला पहाटेची पहिली बस सुरू होईपर्यंत ऐकत बसण्यावाचून गत्यंतर नसे, आणि त्याला ते हवेच असे. राहण्याच्या सोयीचा खर्च नाही, रिक्षाचे भाडे नाही, रजेचा अर्ज नाही. रात्रभराचे गाणे ही श्रीमंती चैन होती असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब पाहावा. ती गरिबाची सोय होती.

शिवाय ही रात्र श्रोत्यांना चाळून घेई. दहा वाजता नावे पाहून आलेली मंडळी बाराला उठत. लहान मुले घेऊन आलेली कुटुंबे त्याआधीच पांगत. दोन वाजता चहाच्या टपरीभोवती गर्दी होई आणि तीननंतर मांडवात उरे तो केवळ गाण्यासाठी आलेला श्रोता. गायकालाही हे कळे. ज्या समुदायाला खूश करण्याची गरज उरलेली नाही, त्याच्यासमोर कलावंत आलापी लांबवितो, तान राखून ठेवतो, एखादी अनवट जागा दोनदा घेऊन पाहतो. झोपेच्या उंबरठ्यावर असलेल्या मनाला सुरांचे बारीक फरक अधिक जाणवतात की कमी, हे मानसशास्त्रज्ञांनी ठरवावे; पण आठवणीतल्या बहुतेक मैफली याच घटकेच्या असतात ही गोष्ट उरतेच.

मग रागांच्या वेळेचा मुद्दा. रात्रीच्या प्रहरांची वाटणी संगीतशिक्षक शाळकरी मुलांनाही शिकवितात. यमन, भूप पहिल्या प्रहरी. बिहाग, बागेश्री दुसऱ्या. मध्यरात्र उलटल्यावर दरबारी, अडाणा, मालकंस. उत्तररात्री सोहनी, परज. आणि झुंजुमुंजू होण्याआधी ललत. भातखंड्यांनी या परंपरेला शास्त्राची बैठक दिली आणि कोणता मध्यम लागतो यावरून दिवस व रात्र ओळखता येते असे दाखवून त्या स्वराला ‘अध्वदर्शक’ असे नाव दिले. हा केवळ संकेत आहे, निसर्गनियम नव्हे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. दाक्षिणात्य संगीत वेळेचे बंधन फारसे मानत नाही आणि त्यावाचून त्याचे काही अडलेले नाही. ध्वनिमुद्रिका तर भर दुपारी मालकंस ऐकवितेच. पण संकेत झाला म्हणून तो पोकळ होत नाही. भाषाही संकेतच आहे. पिढ्यान्‌पिढ्या ललत ज्या घटकेला ऐकला गेला त्या घटकेची कळा त्या दोन मध्यमांना चिकटून राहिली आहे. ती घटका कार्यक्रमपत्रिकेतून काढून टाकली की राग नाहीसा होत नाही, तो व्याकरणापुरता उरतो.

ही घटका काढून टाकली कोणी? याचे ठरावीक उत्तर ‘कायद्याने’ असे आहे, आणि बहुतेक रसिक ते रागाने देतात. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास त्यांनी बंदी घातली. पुढील दुरुस्तीने सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवप्रसंगी वर्षातून पंधरापेक्षा अधिक नाहीत इतके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. जुलै 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर निकाल देऊन या बंदीवर शिक्कामोर्तब केले. नियमांची अंमलबजावणी होऊ लागली तशी रात्रभराची बैठक संपली.

या निकालावर चिडणाऱ्यांनी तो कोणत्या प्रकरणातून उद्‌भवला हे एकदा पाहावे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला आणि परिसरात मोठ्याने लावलेल्या संगीतामुळे तिच्या किंकाळ्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत, अशी बातमी वृत्तपत्रांत आली होती. त्या बातमीने अस्वस्थ झालेल्या एका नागरिकाने न्यायालयात धाव घेतली. बोलण्याचे स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला ऐकण्याची सक्ती करण्याचे स्वातंत्र्य नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. यावर तो आवाज वेगळा आणि आमचा वेगळा, असे शास्त्रीय संगीताच्या चाहत्याने म्हणणे साळसूदपणाचे होईल. मैदानाशेजारच्या घरात परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा दमेकरी वृद्धाला पहाटे तीनचा द्रुत तराणा हा आवाजच वाटतो. शेजाऱ्याला ललत आवडलाच पाहिजे, असा नियम कोणत्याही घराण्यात नाही.

तेव्हा कायदा योग्य आहे. तरीही प्रश्न शिल्लक राहतो, कारण कायद्याने जेवढे काढून घेतले त्याहून पुष्कळ अधिक आपण आपणहून सोडून दिले आहे. सवाई महोत्सव पुढे मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या प्रशस्त जागेत गेला आणि तीन रात्रींऐवजी पाच दिवसांचा झाला. बुधवारी दुपारी त्याचा आरंभ होतो आणि एखाददुसरी रात्र सोडली तर दहाच्या सुमारास सत्र आटोपते. मुलतानी, पटदीप, मारवा, श्री या दिवस मावळतानाच्या रागांना त्यामुळे पूर्वी न मिळालेली जागा मिळाली, हा लाभही मान्य केला पाहिजे. रात्रभराच्या काळात भीमपलासाची उपेक्षाच होत असे. पण बुधवार, गुरुवार, शुक्रवारी दुपारी तीन वाजता गाण्याला येऊन बसू शकतो तो कोण? ज्याची शाळा साडेपाचला सुटते तो शिक्षक नव्हे, आणि ज्याच्या किरकोळ रजा ऑक्टोबरातच संपल्या तो लिपिकही नव्हे. जे तीन रात्री नोकरी सांभाळून ऐकत होते, त्यांना आता नोकरी किंवा गाणे यांतून निवड करावी लागते.

दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांनी सकाळ परत मिळवून दिली असे सांगितले जाते. ते वर्षाकाठी तीन-चार दिवसांपुरते खरे आहे. आणि नव्या कपड्यांतल्या त्या श्रोतृसमुदायापुढे बहुतकरून जुनी भावगीते आणि चित्रपटगीते म्हटली जातात, त्यांना रात्र काय आणि पहाट काय, दोन्ही सारखीच.

वस्तुतः नियमांतच एक दार उघडे ठेवलेले आहे. बंदिस्त सभागृहात, आतल्या आत ऐकू जाईल इतकाच आवाज ठेवून, रात्री ध्वनिवर्धक वापरण्यास हे नियम आडकाठी करीत नाहीत. कोलकात्याच्या डोव्हर लेन संगीत संमेलनाने सभागृहात रात्रभर गाणे-बजावणे करण्याची रीत टिकविली. डॉ. किरण सेठ यांनी 1977 साली दिल्लीच्या आय. आय. टी.त सुरू केलेली ‘स्पिक मॅके’ ही चळवळ आपल्या अधिवेशनांत अख्खी रात्र गाण्यासाठी राखते, आणि तेथे जागतात ते अठरा-वीस वर्षांचे विद्यार्थी. आजच्या मुलांना इतका वेळ बसवत नाही, ही तक्रार करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ती रात्र जरूर पाहावी.

महाराष्ट्रात सभागृहांची वाण नाही. पुणे महापालिकेने 1968 साली बालगंधर्व रंगमंदिर उभारले. त्यानंतर गावोगावच्या नगरपालिकांनी नाट्यगृहे बांधली. ती सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांच्या हिशेबाने भाड्याने दिली जातात, आणि रात्रीचे नाटक संपले की दिवे मालवले जातात. महिन्यातून एका शनिवारी, निदान थंडीच्या चार महिन्यांत, मध्यरात्रीपासून सकाळपर्यंतचे एक चौथे सत्र आकारणे अशक्य नाही. हजारोंच्या मैदानी उत्सवाला ते पर्याय ठरणार नाही हे खरे, पण त्याची गरजही नाही. दोनअडीचशे माणसांपुढे गाणाऱ्याला मोठ्या भोंग्यांची जरुरी पडत नाही, आणि तंबोऱ्याचा झंकार यंत्रावाचून ऐकण्याची सवय आपल्या कानांना पुन्हा लागली तर ते बरेच होईल. महाविद्यालयांची सभागृहे तर रात्री रिकामीच असतात. तेथे अडचण येते ती पहारेकऱ्याची, वीजतंत्र्याची आणि सकाळी झाडलोट करणाऱ्याची. या तिघांना रात्रपाळीचा भत्ता चोख मिळाला पाहिजे आणि तो तिकिटाच्या दरात धरला पाहिजे, रसिकतेच्या नावाखाली त्यांना फुकट जागविणे नको. दोन वाजता चहाची सोय हवी, घोंगडी आत आणू द्यावी, आणि सकाळची पहिली बस कोणत्या थांब्यावरून किती वाजता सुटते ते तिकिटाच्या पाठीवर छापावे.