माथेरानचा सीझन कुणाच्या बळावर?

दस्तुरी नाक्याला मोटारीचा रस्ता संपतो. पुढे माथेरानच्या बाजारपेठेपर्यंत लाल मातीची अडीच-तीन किलोमीटरची वाट. खाजगी मोटारींना इथे बंदी, म्हणून पर्यटकाला पायी तरी जावं लागतं, नाहीतर घोडा करावा लागतो. अमन लॉजहून छोटी आगगाडीही मिळते. बॅगा हमालाच्या डोक्यावर चढतात. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना चालवत नाही, त्यांना हातरिक्षाने नेलं. पुढे दांडे धरून एक माणूस ओढणार, मागून दोघे ढकलणार. चढाला तिघांचीही छाती भरून येई.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये या डोंगरावर आले आणि मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांना हक्काची जागा मिळाली. 1907 मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळहून दोन फुटी रुंदीची रेल्वे वर आणली. बंगले झाले, हॉटेलं झाली. पारशी, गुजराती, मराठी कुटुंबं मे महिन्यात आणि दिवाळीत येऊ लागली. त्या साऱ्यांचं सामान, अन्नधान्य आणि कधी खुद्द पाहुणेही वाहून नेले ते इथल्या आणि आसपासच्या वाड्या-गावांतल्या कष्टकऱ्यांनी. घाटातले ठाकूर, कातकरी आणि धनगर यांचाही त्यात मोठा वाटा.

पावसाळ्यात नेरळची गाडी बंद होते, पर्यटक रोडावतात, कमाईही आटते. चार पैसे गाठीला बांधायचे ते सीझनमध्येच.

हंगामी रोजगाराची हीच रीत इंग्लंडच्या किनाऱ्यावरही होती. बिली बटलिन यांनी 1936 मध्ये स्केगनेस इथे हॉलिडे कॅम्प उघडला. आठवड्याच्या एकाच शुल्कात खोली, जेवण आणि करमणूक. लाल कोट घातलेले तरुण कर्मचारी पाहुण्यांना खेळवत, नाचवत, स्पर्धा घेत. हंगाम सरला की त्यातल्या बहुतेकांचं कामही सरे. रिंगो स्टार 1962 च्या उन्हाळ्यात याच कॅम्पमध्ये ड्रम वाजवत होता. तिथूनच तो बीटल्समध्ये गेला.

मात्र एक फरक मोठा आहे. 1938 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये भरपगारी सुटीची वाट मोकळी झाली आणि गिरणी-कारखान्यातला मजूर स्वतःच अशा कॅम्पचा पाहुणा झाला. माथेरानला हे घडलं नाही. रिक्षा ओढणारा आणि रिक्षात बसणारा यांच्या जागा शतकभर बदलल्या नाहीत.

बदलाची मागणी आली ती रिक्षा ओढणाऱ्यांकडूनच. त्यांच्या संघटनेने ई-रिक्षासाठी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. डिसेंबर 2022 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा धावल्या आणि शाळकरी मुलांना, आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना त्यांचा मोठा आधार झाला. घोडेवाल्यांना मात्र पोटापाण्याची धास्ती वाटली. माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाही, यावरूनही वाद पेटला.

6 ऑगस्ट 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. स्वातंत्र्याला 78 वर्षं होऊनही माणसाने माणसाला ओढावं, ही प्रथा अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश झाला. निधी नाही ही सबब चालणार नाही, असंही न्यायालयाने बजावलं. गुजरातेत केवडियाला ई-रिक्षांची जशी योजना आहे, त्या धर्तीवर सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन भाड्याने द्याव्यात. खरे रिक्षावाले कोण, हे कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवावं.

या आदेशात पुनर्वसनाला इतकी जागा आहे, हीच त्याची खरी ताकद. नुसती बंदी आली असती तर दांडे सुटले असते आणि भाकरीही सुटली असती. निकालाच्या वेळी परवानाधारक हातरिक्षावाले होते 94. त्यांना वाहनं दिल्यावर ज्या ई-रिक्षा उरतील, त्या परिसरातल्या आदिवासी महिलांना आणि इतर गरजूंना देता येतील, असंही न्यायालयाने सुचवलं आहे. ज्या वाटेवर डोक्यावर बोजे घेऊन बाया चालत आल्या, त्याच वाटेवर त्यांच्या हाती वाहनाचं हँडल यावं, यासाठी आता यादी काटेकोर व्हायला हवी आणि वाहनं वेळेत मिळायला हवीत.