साज मोडण्यापूर्वी

बोरिवली वा मुलुंडच्या सराफपेढीवर सासूकडून आलेला कोल्हापुरी साज कोणी मोडावयास आणला, म्हणजे तराजू सोने तेवढे जोखतो. त्या इवल्या पानांवर कोरलेली पुराणसृष्टी त्याच्या हिशेबात धरली जात नाही, याचे मला मनापासून दुःख होते. परंपरेने साजास 21 पाने मोजतात: दहा विष्णूच्या अवतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक व पाचू यांची आणि एक डोरल्याचे. मासा दिसला की मत्स्यावतार आणि कासव दिसले की कूर्म ओळखावा. शंख, कमळ, नाग, बेलपान ही चिन्हेही याच कुळातली. पाने व त्यांमधले जवमणी यांच्या पोटी लाख भरलेली असल्याने पातळ पत्रा दबत नाही आणि थोड्या सोन्यात दागिना भरदार दिसतो. मात्र भट्टीत लाख जळून वजनात घट येते, आणि अपेक्षेहून कमी ऐवज हाती लागतो. शिवाय, शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरू शकते, आणि तशी वस्तू खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही, हे परदेशस्थ लेकीसुनांना साज देऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.