माळ्यावरचा ठेका

दिवाळीच्या आधी माळा काढायचा, हा आमच्या घरातला न चुकणारा कार्यक्रम. यंदाही काढला. तांब्याचा बंब, कान तुटलेली बरणी, मुलाची तीनचाकी सायकल... आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक चंदेरी पेटी. शाळेच्या पाटीएवढी. वर गोल फिरवायच्या कळा आणि खाली ओळीने सोळा बटणं. बिघडलेला टेप असेल असं समजून मी ती सरळ भंगाराच्या ढिगात टाकली.

पुण्याहून सुट्टीला आलेला लेक ढिगाजवळून जाता जाता थबकला आणि ओरडलाच, "आई! हे तू भंगारात देणार होतीस?"

"मग काय करू? लोणचं घालू?"

"अगं, हे रोलँडचं ड्रम मशीन आहे, टीआर-६०६. जगात लोक शोधत फिरतात याला. आज चालू स्थितीत असेल तर तीस-चाळीस हजार सहज येतील."

मी हातातला झाडू खाली ठेवला. चाळीस वर्षांपूर्वीच्या पेटीला तीस हजार? आपला चार वर्षांपूर्वीचा मोबाइल कुणी फुकट घेत नाही!

पेटी आमच्या थोरल्या दिरांची. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. तरुणपणी त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. गणपतीत, नवरात्रात, लग्नांत तालुकाभर कार्यक्रम व्हायचे. १९८८ साली मुंबईच्या एका वादकाकडून त्यांनी ही पेटी जुनीच विकत घेतली होती. माझं लग्न होऊन मी या घरात आले तोवर ऑर्केस्ट्रा बंद पडला होता आणि पेटी माळ्यावर गेली होती.

लेकाने गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून ती साफ करून आणली, सेल घातले, बटणं दाबली. 'टुक्-च्यॅक, टुक्-टुक्-च्यॅक' असा आवाज सुरू झाला. खरं सांगू? मला तो ड्रमसारखा वाटलाच नाही. कुणीतरी पत्र्याच्या डब्यावर चमचा वाजवावा तसा वाटला. पण गंमत म्हणजे पाच मिनिटांनी माझा पाय आपोआप हलायला लागला होता!

मग मी लेकाला आणि आप्पांना प्रश्न विचारून विचारून भंडावलं, थोडं वाचलं. जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

रोलँड ही जपानी कंपनी. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजतो ना, तोही मूळ यांचाच, १९८५ सालचा. कंपनी काढणाऱ्या इकुतारो काकेहाशी यांचा जन्म १९३० चा, ओसाकाचा. आईवडील लहानपणीच क्षयाने गेले. काकेहाशींनी सोळाव्या वर्षी घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं, मग रेडिओ दुरुस्त करायला लागले. पुढे त्यांनाही क्षय झाला आणि काही वर्षं इस्पितळात काढावी लागली. तिथून उठून या माणसाने आधी एक कंपनी काढली आणि १९७२ साली रोलँड.

ऑर्गन वाजवणाऱ्याला ठेक्याची साथ मिळावी, म्हणून सुरुवातीची ताल-यंत्रं निघाली. त्यांत ठरावीक ठेके भरलेले असत. १९८० साली रोलँडने टीआर-८०८ काढलं. आमची पेटी ही त्याचीच पुढच्या वर्षातली धाकटी बहीण. ८०८ वर ठेका आपला आपण रचता येत होता. त्यावर सोळा बटणं, चार-चारच्या चार गटांत, तांबडी, केशरी, पिवळी आणि पांढरी. शाळेत संगीत शिकलेल्या मैत्रिणींना लगेच आठवेल, आपल्या त्रितालाच्या मात्राही सोळा आणि विभागही चार! हा योगायोगच, पण मला त्यामुळे ते यंत्र एकदम ओळखीचं वाटलं. कुठल्या मात्रेवर कुठला आवाज हवा, तेवढी बटणं दाबायची. झाला ठेका तयार.

आता या पेटीच्या पोटात खऱ्या ड्रमचा आवाज भरलेला नव्हता. सगळे आवाज विजेतून तयार व्हायचे. घंटेवर एक टोल दिला की नाद घुमत घुमत विरतो ना, तसा विजेचा एक झटका देऊन मोठ्या ड्रमचा 'धुम्' काढलेला. तो किती वेळ घुमवायचा, हे एक कळ फिरवून ठरवायचं. रेडिओचं स्टेशन हललं की जी खरखर येते, तसल्या खरखरीतून छोट्या ड्रमचा आवाज.

त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांनी खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेलं यंत्र काढलं. किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास. ८०८ ची किंमत १,१९५ डॉलर. साहजिकच मोठे स्टुडिओ लिनच्या यंत्राकडे वळले. ८०८ ला 'हा कसला ड्रम!' असं ऐकून घ्यावं लागलं. १९८३ पर्यंत सुमारे बारा हजार यंत्रं तयार झाली आणि उत्पादन थांबलं. बाजाराच्या हिशेबात हे यंत्र नापास!

आणि खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

नापास वस्तू जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागल्या. घेणारे कोण? तर ज्यांना ड्रम वाजवणारा वादक, स्टुडिओ, महागडं यंत्र यांतलं काहीच परवडत नव्हतं अशी मुलं. न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट या शहरांतली, बहुतेक कृष्णवर्णीय. १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये 'प्लॅनेट रॉक' ही गाजलेली तबकडी निघाली. तिच्या निर्मात्यांकडेही स्वतःचं ८०८ नव्हतं. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून वीस डॉलरवर एक यंत्रवाला बोलावला होता! आपल्याकडे लग्नाला घोडा भाड्याने आणतात तसं. त्याच वर्षी मार्विन गे हा मोठा अमेरिकन गायक बेल्जियममध्ये राहत होता. देणी झालेली, संसार मोडलेला. त्याने तिथे हेच यंत्र घेऊन गाणं केलं आणि पुढच्या वर्षी त्याला त्यासाठी दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. १९८७ साली व्हिटनी ह्यूस्टनच्या नाचायला लावणाऱ्या गाण्यात ८०८ वाजलं. २००८ मध्ये कान्ये वेस्टने तर आपल्या अल्बमच्या नावातच ८०८ घातलं. आज रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतून छातीत 'धम्म' होतं ना, त्या आवाजाचं मूळ बहुतेकदा या यंत्राच्या घुमाऱ्यातच असतं.

मी लेकाला विचारलं, "अरे, आता लॅपटॉपवर हजार ड्रम मिळतात. मग या जुन्याचं एवढं काय?"

तो म्हणाला, "आई, ते खऱ्या ड्रमची नक्कल करायला गेलं आणि त्यात नापास झालं, म्हणून तर त्याला स्वतःचा आवाज मिळाला. नक्कल नीट जमली असती, तर पुढच्या वर्षी त्याहून चांगली नक्कल आली असती आणि हे कायमचं विसरलं गेलं असतं. आणि हजार ड्रम असले की निवडण्यातच रात्र जाते. इथे सातच आवाज. जे आहे त्यात भागवायचं."

हे मला चटकन पटलं. डब्यात तीनच जिन्नस असतात त्या दिवशी सुचणारी आमटी आणि पुस्तकात बघून केलेली भाजी, यांतला फरक आपल्याला कुणी वेगळा सांगायला नको!

आणखी एक गोष्ट कळली, ती तर मनात घर करून राहिली. ८०८ ची ती खास सळसळ यावी, म्हणून काकेहाशींनी मापात न बसणारे, सदोष ठरलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम घेतले होते. पुढे कारखाने सुधारले, तसा माल निघेनासा झाला आणि तेच यंत्र पुन्हा बनवणं अशक्य झालं. इतरांनी नाकारलेल्या वस्तूंतून तो आवाज आला होता! आज रोलँड त्याच आवाजाची नवी यंत्रं विकते, पण अस्सल जुन्या ८०८ ची किंमत काही लाखांत जाते.

या सगळ्यात आपल्या मुंबईचाही एक माणूस आहे. चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार, सिंथेसायझर वाजवणारे वादक. राहुल देव बर्मन, शंकर-जयकिशन यांच्याकडे त्यांनी काम केलेलं. सिनेमात तेव्हा डिस्कोची लाट होती. १९८२ साली त्यांनी टीआर-८०८ आणि रोलँडचीच आणखी दोन यंत्रं घेऊन एक ध्वनिमुद्रिका केली. ठेका डिस्कोचा आणि वर भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग. ती कुणी फारशी घेतली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या मुलांनी तशाच यंत्रांवर जे संगीत केलं, त्याला 'अ‍ॅसिड हाउस' म्हणून जगभर डोक्यावर घेतलं गेलं. सिंग यांची मुद्रिका २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा जाणकार चकित झाले. त्यांच्याशी मिळतंजुळतं काम मुंबईत आधीच होऊन गेलं होतं! सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग मग युरोपात कार्यक्रम करून आले. २०१५ साली ते गेले. दाद मिळाली, पण अठ्ठावीस वर्षांनी.

इथेच थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण आप्पा बोलायला लागले.

"ही पेटी आणली आणि मी नानाला घालवला," ते म्हणाले.

नाना आमच्या गावातले ढोलकीवाले. आप्पांच्या ऑर्केस्ट्रात पहिल्यापासून होते. पेटी आली, तिला ना मानधन ना जेवण ना एसटीचं भाडं. दोन-तीन कार्यक्रमांनंतर आप्पांनी नानांना "यंदा राहू दे" असं सांगितलं. दोघे शाळेपासूनचे मित्र. त्यानंतर कितीतरी वर्षं बोलले नाहीत. ही भीती काही आपल्याच गावची नव्हती. १९८२ साली वादकांच्या संघटनेच्या लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी घालावी असा ठराव केला होता. बंदी आली नाही. यंत्रं राहिली.

आप्पांचं ऐकताना मी मान खाली घातली. कारण मैत्रिणींनो, आमच्या भजनी मंडळात गेल्या वर्षी आम्हीही हेच केलं. नाना दर एकादशीला तीनशे रुपये घेऊन साथ करायचे. एकीने मोबाइलवर तबल्याचं अ‍ॅप दाखवलं आणि आम्ही सर्वानुमते नानांना "थोडे दिवस राहू द्या" असं कळवलं. सर्वानुमते! त्यात माझाही हात वर होता. एरवी महिलांच्या रोजगारावर मी किती सभांत बोलले असेन!

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मी नानांना फराळाला बोलावलं. आप्पा होतेच. पेटी टेबलावर होती. नानांनी तिला लगेच ओळखलं. म्हणाले, "हीच ना ती माझी सवत?" क्षणभर कुणाला काय बोलावं ते सुचेना. मग लेकाने ती सुरू केली. नाना डोळे मिटून ऐकत बसले आणि म्हणाले, "आवाज झकास आहे. पण ही थकत नाही, घाई करत नाही, गाणाऱ्याकडे बघत नाही. तुझी बायको रडवेली होऊन गात असली तरी हिचं आपलं तेच."

लेकाने त्यांना डेट्रॉइटच्या जे डिला या संगीतकाराबद्दल सांगितलं. तो यंत्रावरचे ठोके मुद्दाम किंचित मागेपुढे ठेवायचा, माणसाने वाजवल्यासारखे. २००६ साली तो तरुण वयात गेला. त्याचं यंत्र आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलंय. नाना हसले. "म्हणजे एवढं सगळं करून शेवटी आमच्याचकडे आले म्हणायचं!" मग शेजारची ढोलकी मागवून त्यांनी पेटीच्या ठेक्यावर अशी काही लग्गी धरली, की आप्पा उठून आत गेले. डोळे पुसायला गेले असावेत. मी विचारलं नाही.

पेटी आम्ही विकली नाही. लेक ती पुण्याला घेऊन गेलाय. यंत्राशी माझं भांडण नाही. ज्याला साथीदार परवडत नाही, त्याच्या हाती ते आलं आणि त्याला गाता आलं, हे फार मोठं काम आहे. पण साथीदार दारात असताना त्याला घालवायला ते वापरलं, तर दोष यंत्राचा नाही.

मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. वाद झाला, वर्गणीचा हिशेब निघाला. शेवटी ठरलं, सरावाला अ‍ॅप आणि एकादशीला नाना. निरोप घेऊन मीच गेले. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येईन की. पण आता पाचशे घेईन."

मी मुकाट्याने हो म्हटलं.