तूरडाळीतले 22 ग्रॅम मोजले कुणी?

‘न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स’ला प्रवेश घेतला म्हटलं, की नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले. ‘म्हणजे स्वयंपाकच ना?’ आणि ‘मग माझं वजन कधी उतरवून देतेस?’ निर्मला निकेतन महाविद्यालय असो की एसएनडीटी विद्यापीठ, होम सायन्सच्या प्रयोगशाळेत शिरल्यावर मात्र समोर ब्युरेट, पिपेट आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडची बाटली असते. स्वयंपाकघरही असतं म्हणा, पण तिथेही मीठ चिमटीनं नाही, तराजूनं पडतं.

शंभर ग्रॅम तूरडाळीत साधारण 22 ग्रॅम प्रथिनं. हा आकडा आपण वाचतो आणि पुढे जातो. पण तो आला कुठून? गंमत अशी, की या रूढ पद्धतीत प्रथिनं थेट मोजलीच जात नाहीत. मोजतात तो नायट्रोजन. डाळीचं चिमूटभर पीठ तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये उकळत ठेवायचं. आधी ते काळंकुट्ट होतं, मग हळूहळू निवळत जातं, आणि शेवटी चंबूत स्वच्छ द्राव उरतो. त्यात अल्कली घातली की नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडतो. तो बोरिक अ‍ॅसिडमध्ये पकडून मोजायचा. प्रथिनांत सरासरी 16 टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला 6.25 ने गुणायचं. साडेतीन ग्रॅम नायट्रोजन, की झाली जवळपास 22 ग्रॅम प्रथिनं! कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे चक्क बिअरवाल्यांकडे, योहान केल्डाल यांनी ही रीत 1883 मध्ये बसवली. ती आजही शिकवतात.

आणि तिची फटही शिकवतात. 2008 मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच. चाचणीनं त्याला प्रथिन समजून पास केलं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली.

कॅलरीची कथा याहून विलक्षण. अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी 1890 च्या दशकात हवाबंद खोली बांधली आणि तिच्यात जिवंत माणूस दिवस-दिवस ठेवला. छोट्या झरोक्यातून जेवण आत, मलमूत्र बाहेर, दोन्हींचा काटेकोर हिशेब. नळ्यांतून फिरणारं पाणी त्या माणसाच्या अंगची उष्णता टिपून घेई. एक ग्रॅम प्रथिन भट्टीत जाळलं तर साडेपाचहून जास्त किलोकॅलरी निघतात, शरीराच्या पदरात मात्र चारच पडतात. काही भाग पचत नाही, आणि बरीच ऊर्जा युरियाबरोबर लघवीतून निघून जाते. बिस्किटाच्या पुड्यामागचा हिशेब आजही याच चार-नऊ-चारवर चालतो : प्रथिनं चार, स्निग्ध पदार्थ नऊ, कर्बोदकं चार.

आपल्या अन्नाचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं काढले. 2017 च्या तिच्या कोष्टकांत 528 खाद्यपदार्थ आहेत, देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून तपासलेले. या संस्थेचं मूळ निलगिरीतल्या कुन्नूरचं, आणि तिथे काम केलेल्यांत एक मराठी नाव आहे : कमला सोहोनी, दुर्गा भागवतांची बहीण. 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन त्या परतल्या, कुन्नूरला पोषणावर संशोधन केलं आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत डाळी आणि नीरेवर. अभ्यासक्रमात त्यांना चार ओळींहून जास्त जागा मिळायला हवी, असं माझं मत.

पुस्तकातले हे आकडे खरे जिवंत होतात ते इंटर्नशिपला, रुग्णालयात. भेटायला आलेले लोक कॉटशेजारी शहाळं ठेवतात, कारण शहाळं म्हणजे पथ्याचं. पण खाटेवरच्या माणसाची मूत्रपिंडं थकलेली असतील तर त्याच शहाळ्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचा ठोका चुकवू शकतं. अशा वेळी डाएटिशियन शहाळं उचलायला लावते आणि बटाट्यातलंही पोटॅशियम कमी व्हावं म्हणून घरच्यांना त्याची वेगळीच कृती सांगते : सोलून पातळ काप करा, भरपूर पाण्यात उकळा, आणि ते पाणी ओतून द्या. एरवी जीवनसत्त्वं जातात म्हणून जे पाणी टाकू नका असं पहिल्या वर्षी शिकवलेलं असतं, तेच इथे मुद्दाम टाकायचं. एकच अन्न एकाला औषध आणि शेजारच्या खाटेवर धोका! हे कळायला पदवी लागते, पदव्युत्तर शिक्षण लागतं, वॉर्डात उभं राहावं लागतं.

आठवड्याच्या ऑनलाइन कोर्सवर ‘डाएट कोच’ झालेली मंडळी हल्ली गल्लोगल्ली आहेत. तेव्हा मधुमेह, मूत्रपिंड किंवा गरोदरपणासाठी कुणाकडून आहाराचा तक्ता घ्याल, तर फी विचारण्याआधी शिक्षण कुठे झालं, रुग्णालयात काम केलं आहे का आणि ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ आहात का, हे तीन प्रश्न बिनदिक्कत विचारा.